आमचा सगळ्यांचा एक जून

वहिनी, आधी माफी मागते. अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही कळत नव्हतं. चौथीनंतर हातात खुरपं आलं, पेन सुटलं. फोनवर तुमच्याशी बोलायला लागले की मला शब्द सुचत नाहीत. तुम्ही विचारता आणि मी नुसतं बरं हाय म्हणते. म्हणून वहीत लिहिते. ही वही तुमच्यापर्यंत येईल की नाही, माहीत नाही.

मी निघाले तेव्हा तुम्ही परंड्याच्या स्टँडवर आल्या होतात. कुर्डुवाडीची गाडी लागली होती. दादानं जागा धरली, तुम्ही शेंगाच्या चटणीचा डबा दिला. आई खिडकीशी उभी राहून एकच सांगत होती, "तिथं लई बोलू नको. बोललं की माणसं चुका काढत्यात." मी मान हलवली. न बोलणं मला अवघड कधीच नव्हतं.

हे माझ्या आधी बरीच वर्षं अमेरिकेत होते. हायवेवरच्या एका मोटेलात नळ, दिवे, कुलपं दुरुस्त करायचे आणि तोवर तिथले नागरिकही झाले होते. मोटेल रमीलाबेनचं, त्या गुजराती. मी लॉन्ड्रीत चादरी घड्या करायला लागले. आपली चिमी तिथंच झाली. मला कायमचं राहता यावं म्हणून यांनी अर्ज केला, आणि एक दिवस आम्हाला ऑफिसात मुलाखतीला बोलावलं.

साहेबानं यांचे कागद बघितले, माझे बघितले. दोघांचाही जन्म एक जून, सालं वेगळी. मग आईचं आधार कार्ड बघितलं. एक जानेवारी. आबांचंही एक जानेवारी. फोनवरून हिंदी बोलणारा माणूस त्याचं बोलणं मला सांगत होता. साहेबानं विचारलं, तुझी खरी जन्मतारीख कोणती? मी म्हटलं, माहीत नाही. वाढदिवस कधी करतेस? करत नाही. नवऱ्याचा? त्यांचाही नाही. एवढं बोलून मी खाली बघत बसले. आपल्याकडं मोठ्या माणसासमोर असंच बसतात. त्यानं लिहिलं की कागद बनावट दिसतात आणि लग्नही खरं वाटत नाही. हे मला नंतर वकीलबाईनं वाचून दाखवलं. त्या दिवशी वाटलं होतं, बरं झालं, लवकर सुटले.

अर्ज नाकारला आणि पुढं काही महिन्यांनी इमिग्रेशनची माणसं मला कोठडीत घेऊन गेली. चिमी चार वर्षांची होती. तिच्या वेणीला एकच रबर लावून झालं होतं.

त्या जागेबद्दल जास्त लिहीत नाही. दिवे कधी बंद होत नसत. चौथ्या दिवशी तिथल्या साहेबानं एक कागद पुढं केला. सही केली की विमानात बसवू, घरी जाशील. वहिनी, खरं सांगते, मी पेन उचललं होतं. आई दिसत होती डोळ्यापुढं. शेजारच्या खाटेवर एक पंजाबी बाई होती, तिनं माझं मनगट धरलं. "साइन मत करना. पहले जज के सामने जाने का हक है तेरा. एक बार गई तो बच्ची को यहाँ आके देख नहीं पाएगी." सही केली तर चिमी तुटते, नाही केली तर किती दिवस इथं, कुणी सांगत नाही. मी पेन खाली ठेवलं. माझ्या आयुष्यात मोठ्या माणसाला नाही म्हणायची ती पहिली वेळ.

सरकार वकील देत नाही, आपला आपण बघायचा. रमीलाबेननं एक वकीलबाई शोधली आणि जज्जानं सांगितलेली बाँडची, म्हणजे जामिनाची, रक्कमही स्वतःच्या पैशातून भरली. त्यांना विचारलं, मी पळून गेले तर? त्या म्हणाल्या, "तू? तू तो मोटेल के पीछे भी पूछ के जाती है."

बाहेर आले, पण मी कुठं आहे ते सरकारला कळवणारा पट्टा पायात. तो रोज दोन तास भिंतीला लावून चार्ज करायचा. वायर ओट्यापर्यंत पुरायची, गॅसपर्यंत नाही. मी लाटायची आणि हे भाजायचे. चिमी वायरीवरून उड्या मारायची. त्याच दिवसांत आई गेली. खटला चालू असताना मी देशाबाहेर पाऊल टाकलं तर सगळं संपलं असतं. तुम्ही फोन धरून उभ्या राहिलात, तुमचा हात थरथरत होता, म्हणून मला आईचा चेहरा नीट दिसला नाही. हे तुम्हाला कधी बोलले नाही.

मग वकीलबाईनं विचारलं, ही तारीख आली कुठून? मी सांगितलं आणि तुम्हाला त्रास दिला. तुम्ही शाळेत तीन खेटे घातले, जुनं रजिस्टर काढायला लावलं, पानाची सही-शिक्क्याची नक्कल पाठवली.

हिअरिंगला या वेळी फोनवर मराठी बोलणारी बाई होती. वकीलबाईनं आधीच अर्ज केला होता की हिंदी चालणार नाही. जज्जानं पान हातात घेतलं. माझ्या वर्गातली सगळी नावं आणि प्रत्येकासमोर एक जून. त्यांनी विचारलं, असं कसं? सगळे माझ्याकडं बघत होते. पण मी बोलले.

"साहेब, आमच्या आयांना दिवस माहीत होता, तारीख नव्हती. माझी आई म्हणायची, तू भुईमूग काढायच्या आधी झालीस. गुरुजींना रकाना भरायचा होता. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. म्हणून त्यांनी आम्हाला सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं."

फोनवरच्या बाईला हसू आलं असावं, पण तिनं ते गिळलं आणि माझं सगळं बोलणं इंग्रजीत सांगितलं. जज्जानं सरकारी वकिलाला विचारलं, यावर काही म्हणायचंय? त्यानं पान उलटसुलट करून बघितलं. म्हणाला, नाही. मग जज्जानं यांना आणि मला वेगवेगळं बरंच विचारलं. दुपारी जज्ज म्हणाले की कागद खरे आहेत, लग्न खरं आहे, मला राहता येईल.

मला वाटलं होतं मी रडेन. मी विचारलं, पट्टा कधी काढणार?

आता मला गावी येता येईल. पण आई नसलेल्या घरात आधी कुठल्या खोलीत जायचं, ते कळत नाही. पूर्वी घर म्हटलं की आपलं अंगण दिसायचं. आता जिथून निघायला कुणाला विचारावं लागत नाही आणि परत यायला काही दाखवावं लागत नाही, तेच घर वाटतं. अशी जागा अजून मला पूर्ण सापडलेली नाही. तिथंही नाही, इथंही नाही.

परवा रमीलाबेन लॉन्ड्रीत पाकीट घेऊन आल्या. खटला संपला म्हणून बाँडचे पैसे परत आले होते, सगळेच्या सगळे, वर थोडं व्याजही. मी ओले हात पुसले आणि चेक हातात घेतला. वर त्यांचं नाव, खाली रक्कम. मी दोन्ही बाजूंनी बघितला. माझं नाव कुठंच नव्हतं. या कागदाला माझ्याकडून काहीच सिद्ध करून नको होतं. एखाद्या कागदावर आपलं नाव नाही म्हणून इतकं बरं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.