गेला आवाज

आमची जुनी गाडी सुरू केली की हल्ली पुढून चिरकते. आज अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॉनेट उघडलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. गाडीची सगळी दुखणी त्यांनी अशीच ओळखली होती. आवाज इतका होता की समोरच्या बाल्कनीतून कुणीतरी डोकावलं. अण्णा मात्र ऐकतच राहिले. माणूस आणि त्याची गाडी बरोबरीनं म्हातारी होतात. तिची कुरकुर वाढते, तोवर त्याचे कान गेलेले असतात. हे माझ्या लक्षात यायला आजचा दिवस उजाडावा लागला. बऱ्याच वेळानं अण्णांनी बॉनेट लावलं. म्हणाले, "गेला बघ आवाज."

गाडी चिरकतच होती. मी म्हटलं, "हो अण्णा, गेला."