दत्तारामचे लुचिदातूरा

शारजाहून फोन आला तेव्हा मी दुबईत वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. दत्ताराम गेला होता. वय एकेचाळीस. फुफ्फुसात दगडाची भुकटी साचली होती. “खलास झाला, भाऊ,” त्याचा खोलीसोबती म्हणाला. दुसऱ्या दिवशीच्या अंकाचे पान लावून झाल्यावर मी निघालो.

दत्ताराम माझ्या गावचा, चिपळूणजवळचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो शारजातल्या एका मराठी शेठच्या संगमरवराच्या कारखान्यात पॉलिशवाला म्हणून लागला. पुढे इटलीहून यंत्रे आली आणि त्यांच्याबरोबर मार्को नावाचा तंत्रज्ञ. शेठने जाहीर केले, “ज्याला ह्यांची भाषा येईल तो फोरमन.” फोरमनला फॅमिली व्हिसा मिळत असे. बायको सुरेखा आणि दोन वर्षांची मुलगी गावी होती. दत्ताराम मार्कोच्या मागे लागला.

मार्कोने पहिला शब्द दिला तो त्याच्याच कामाचा. लुचिदातूरा, म्हणजे पॉलिश. टेबलावर बोट आपटत त्याने तो तोडून दाखवला: लु, ची, दा, तू, रा. जोर ‘तू’वर. ‘लूचिदो’ म्हणजे चकचकीत, त्यावरून ‘लुचिदारे’, चकचकीत करणे. ‘रे’ काढून ‘तूरा’ लावला की त्या कामाचे नाव. शब्द वाढतो तसा जोर शेवटाकडे सरकतो, शेवटच्या अक्षरावर मात्र बसत नाही. दत्ताराम यंत्राच्या घरघरीत हे घोकत असे. “सुरेखा आली की पिझ्झा खायला नेणार, भाऊ. ऑर्डर मी देणार, इटालियनमधी!” दीड वर्षात तो यंत्राचे पुस्तक वाचू लागला...

शेठने परीक्षा घेतली ती दुपारच्या जेवणाला, गिऱ्हाइकांसमोर. मीही होतो. दत्ताराम भुकटीने पांढरा होऊन आला. “यल्ला, चल, बोल,” शेठ म्हणाला. त्याने शब्द तोडला, जोडला, कसा बनला ते सांगितले. टाळ्या पडल्या. “वन्स मोअर!” कोणीतरी ओरडले. त्याने पुन्हा म्हटले. त्यानंतर आठ वर्षे, पाहुणे आले की हेच. तिकडे दुबई मरीनाचे टॉवर उठत होते, त्यांच्या लॉबीतला दगड तो चकाकवत होता. फोरमन झाला शेठचा भाचा, ज्याला इटालियनचा एक शब्द येत नव्हता. दत्तारामने विचारले तेव्हा शेठ हसला. “अरे, तू फोरमन झालास तर पाहुण्यांसमोर बोलणार कोण?” माझ्या घरच्या गणपतीत मीही त्याला म्हणायला लावले. माझी मुले खिदळली, “अंकल, अगेन!” तो खोकत खोकत पुन्हा म्हणाला.

तो गेल्यावर दीड महिन्याने मी गावी गेलो. सुरेखाने कपाटातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दोन पासपोर्ट काढले, तिचा आणि मुलीचा. फोटोतली मुलगी दोन वर्षांची होती. शेजारी उभी होती ती बारा वर्षांची. आत एकही शिक्का नव्हता.

“भाषा अजून थोडी कच्ची आहे, असं ते कळवायचे,” सुरेखा म्हणाली. “खरंच कच्ची होती का, भाऊजी?”

“नाही. पक्की होती.”

“मग?”

मी पासपोर्ट पुन्हा उघडून मुदत पाहिली. दोन्हींची संपली होती.

“हे आता चालणार नाहीत,” मी म्हणालो.