मलपृष्ठावर माझं नाव

इतिहास, राजकारण, समाजकारण यांवरची पुस्तकं वाचायची आणि त्यांच्यावर लिहायचं, हे काम मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून करते. जिल्ह्यातल्या एका दैनिकाची रविवार पुरवणी मला पुस्तकं पाठवते. मी वाचते, पेन्सिलीने समासात भांडते आणि मग सभ्य भाषेत लिहून पाठवते. भांडण समासातच ठेवायचं, ही माझी शिस्त. एका पुस्तकापायी ती मोडली, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

पुस्तक आमच्या किनारपट्टीच्या समाजजीवनावर होतं. चांगलं जाडजूड, मागे संदर्भांची भलीमोठी रांग. त्यात एक अख्खं प्रकरण गावपळणीवर. आमच्या गावात काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल होतो आणि सगळा गाव घरं बंद करून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. मागे गावात चूल पेटत नाही की दिवा लागत नाही. परतायचा कौल मिळेपर्यंत माळावर नारळाच्या चुडतांच्या झोपड्या घालून राहायचं. लेखकाने हे सगळं नीट लिहिलं होतं. आणि मग पुढच्याच पानावर लिहिलं होतं की गावातली ख्रिस्ती कुटुंबं यात नसतात, ती आपापल्या घरी थांबतात.

मी ख्रिस्ती आहे. कळायला लागल्यापासून मी एकही गावपळण चुकवलेली नाही. निघायच्या आधी आई घरातल्या क्रुसापुढे मेणबत्ती लावायची आणि ती पुरती विझेपर्यंत थांबायची, कारण मागे उजेड ठेवायचा नसतो. तोवर शेजारची काकी कुंपणापलीकडून ओरडत असायची, "चल गो, गाव गेलो!" आमची आणि काकीची झोपडी एकच, चूलही एकच. ख्रिस्त्यांची वेगळी रांग त्या माळावर कधी नव्हतीच. ती शोधायला गेलेल्या लेखकमहाशयांना ती दिसली नाही, आणि त्यांनी आम्हाला सरळ घरी बसवून टाकलं.

कळस पुढेच आहे. प्रस्तावनेत त्यांनी आभार मानले होते, माळावरच्या एका झोपडीत भात आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आग्रहाने वाढणाऱ्या प्रेमळ मायलेकींचे. त्या मायलेकी म्हणजे आई आणि मी! गेल्या गावपळणीला हे गृहस्थ कॅमेरा गळ्यात अडकवून आले होते. आई त्यांना म्हणाली होती, "आणखी घेवा, लाजू नकात." त्यांनी दोनदा घेतलं. वाटपाच्या मसाल्यात काय काय घातलंय ते विचारलं, टोपाचा फोटो काढला. आमचं नाव मात्र विचारलं नाही. आम्ही लुगड्यात, काकी शेजारी, म्हणजे हिंदूच, असं त्यांनी धरून टाकलं. ती आईची शेवटची गावपळण होती. माणूस तिच्या हातचं जेवला आणि तिला तिथून पुसून गेला. मी ते पान वाचलं आणि रागाने रडले.

परीक्षणात मी हे आडपडदा न ठेवता लिहिलं. संपादकांचा फोन आला.

"बाई, तुमचं बरोबरच आहे हो. पण लेखक मोठे आहेत. त्यात धर्माचा विषय, उगाच वाद नको."

"वाद कसला? मी तिथे होते, एवढंच म्हणतेय."

"बघतो," ते म्हणाले.

त्यांनी काय बघितलं ते रविवारी कळलं. मी लिहिलं होतं की एरवी विश्वसनीय असलेलं हे पुस्तक इथे धडधडीत खोटं सांगतं. छापून आलं की हे पुस्तक विश्वसनीय आहे. खाली माझं नाव. मी विचारलं तर म्हणाले, जागा कमी पडली. शेजारी साड्यांच्या सेलची जाहिरात पाऊण पान पसरली होती.

यंदा पुन्हा कौल झाला. देवळाच्या मंडपात बैठक भरली, पाण्याचं कुणी बघायचं, गुरांचं कुणी. मी पाण्याच्या कामाला नाव दिलं. तेव्हा वाडीतला एक तरुण, मुंबईत नोकरीला असतो, अगदी आदराने म्हणाला, "बाईनू, तुमका कित्याक त्रास? तुमची माणसा जायत नाय मा?"

"कोण म्हणतं?"

"ह्या पुस्तकात लिवलेला आसा." त्याच्या हातात नवी आवृत्ती होती. चूक जशीच्या तशी. त्याने पुस्तक उलटं केलं. मलपृष्ठावर एकच शब्द मोठ्या अक्षरांत, 'विश्वसनीय', आणि त्याखाली माझं नाव. "तुम्हीच म्हटलास मा?"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं, आणि ते मला जास्त लागलं. मी काही बोलायच्या आत काकी काठी टेकत उठली. "मेल्या, हिच्या आवशीन त्याच माळार तुका घास भरवल्यान, इसारलंस?" आईची आठवण निघताच पोरगा कानापर्यंत लाल झाला. मंडपात सगळे हसले, माझं नाव पाण्याच्या कामाला लागलं.

पण काकीचा आवाज त्या मंडपापुरता. पुस्तक मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत जाऊन बसलंय, आणि काकी नि मी गेल्यावरही बसलेलं असणार आहे, माझ्याच नावाची ग्वाही पाठीवर घेऊन.

ठरल्या सकाळी मी क्रुसापुढे मेणबत्ती लावली, विझेपर्यंत थांबले, कडी घातली आणि निघाले. झोपडी काकीबरोबर, जुन्याच जागी घातली आहे. चुलीवर तिसऱ्या शिजताहेत. यंदाही कुणी पुस्तकवाला येईल. त्याला पोटभर वाढीन, आईची रीत मी मोडणार नाही. फक्त ताट पुढे करण्याआधी त्याला माझं आणि आईचं नाव विचारायला लावीन, आणि ते माझ्यासमोर लिहायला.