उत्तर आलं नाही तर

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वैशालीनं मात्र सांभाळून घेतलं नसतं. हा कागद दोन बोटांत धरून तिनं मोठ्यांदा वाचला असता आणि प्रत्येक चुकीला हसली असती.

ती गेल्याचं मला सांगलीच्या दवाखान्यात जिन्यावरच कळलं. आदल्या दिवशी भेटले तेव्हा तिच्या घशात नळी होती आणि हात कॉटला बांधलेले होते. मला बघून तिनं डोळे भिंतीकडं फिरवले. दवाखान्यात आणल्यापासून रोज असेच फिरवायची...

वैशाली माझी धाकटी बहीण. गावी, कुंडलला, आई दुसऱ्यांच्या शेतात भांगलायला जायची, तेव्हा हिला सांभाळायला म्हणून मला शाळेतून काढलं. ती शिकली, इंजिनिअर झाली, लग्न केलं नाही. माझे मालक वारल्यावर तिनं मला माधवनगरला आणलं. आणताना चारचौघांत म्हणाली, "स्वयंपाकाला बाई ठेवण्यापरीस आक्का बरी. पळून तर जाणार न्हाई."

ती घरूनच काम करायची. तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी कुठलं काम कधीपर्यंत करायचं हे लिहिलेलं असतं, आणि आता ते सगळं एआय हलवतं. त्याच्या हाताशी टूल असतात. एक नवं काम टाकायला, एक तारीख बदलायला, एक काम दुसऱ्याला द्यायला. प्रत्येक टूलखाली चार ओळी असतात, हे कशासाठी, कधी वापरायचं, कधी नाही. एआय त्या वाचतं आणि टूल उचलतं. त्या ओळी लिहिणं हे वैशालीचं काम. लिहून झालं की टेबलाजवळच्या स्टुलावर मला बसवायची, मराठीत वाचून दाखवायची आणि विचारायची, "बोल, कुठलं उचलशील?"

एकदा म्हणाली, "काम पाटलांना द्या असा हुकूम आला. पाटील दोन हायत. कुणाला देशील?"

"थोरल्याला," मी म्हणाले. आमच्यात मान थोरल्याचाच असतो.

ती टेबलावर हात आपटून हसली. "बघ! एआयबी असंच मनाचं करतंय!" मग तिनं ओळ घातली, 'स्वतः ठरवू नको. विचार.' व्हिडिओवर तिच्या ऑफिसातली स्नेहल होती. वैशालीनं माझा खांदा धरून मला पडद्यापुढं ओढलं. "ही माझी टेस्टिंगची मशीन. चौथी पास. हिला कळलं की कुणालाबी कळतंय." स्नेहलही हसली. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो ठेवायला जागा सापडेना.

पुढं तिच्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला. औषधं थकली तेव्हा तिनं मला पुन्हा त्याच स्टुलावर बसवलं. "ऐक. ॲम्ब्युलन्सला फोन मी सांगितल्यावरच करायचा. मला नळ्या नकोत. स्वतः ठरवायचं न्हाई, मला विचारायचं. म्हणून दाखव." मी म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला तर परत म्हणायला लावलं. "मशीनपेक्षा लय सावकाश हायस गं तू," म्हणाली.

त्या दुपारी मी पेज घेऊन खोलीत गेले तर तिचे ओठ निळे पडले होते. छाती वर-खाली होत होती, डोळे उघडे होते. मी विचारलं. "वैशे, फोन करू का?" ती बघत राहिली. पुन्हा विचारलं. तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. काही नाही... मग मी फोन केला. त्यांनी नळी घातली. शुद्धीवर आल्यावर आधी तिनं नळी बघितली आणि मग मला.

परवा स्नेहल कंपनीचा लॅपटॉप न्यायला आली. म्हणाली, "ताई, मॅडमनी लिहिलेलं अजून तसंच चालू आहे. 'स्वतः ठरवू नको, विचार.' आम्ही हातही लावला नाही."

मी विचारलं, "आणि विचारल्यावर उत्तर आलं न्हाई तर?"

"तर थांबायचं. काहीच करायचं नाही. त्याच्या खालची ओळ आहे ती. प्रत्येक टूलला मॅडम ती घालायच्याच. एकदाही विसरल्या नाहीत."

"मशीनला?"

"हो, मशीनलाच. दुसऱ्या कुणाला?"

ती लॅपटॉपची वायर गुंडाळत होती. जाताना तिनं टेबल आणि स्टुलाकडं बोट केलं. "हे ठेवणार आहात का? नाहीतर माझ्या ओळखीत एकाला हवंय."

माझी मान आपोआप वैशालीच्या खुर्चीकडं वळली. मी वाट बघितली. स्नेहल दारात चप्पल घालून ताटकळली, घड्याळ बघितलं, "कळवा मग," म्हणून गेली.

टेबल तिथंच आहे. स्टूलही.