चादरीत गुंडाळलेली स्कूटर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी हे सरळ चेहऱ्यानं सांगणार आहे. तसंही माझ्या मूर्खपणाची बातमी आमच्या गल्लीत माझ्याआधी पोचलेली आहे.

लग्न नुकतंच झालेलं. सासूबाईंच्या धाकट्या भावाला बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली होती आणि त्या संध्याकाळी शहराच्या जुळे सोलापूर भागात बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या एकच, आमच्या सासूबाई! मामा म्हणाले, "अक्का, गाडी पाठवतो." सासूबाई फोनवर ठसक्यात, "काय नको. माझी सून आणतीय की मला, तिच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर!"

सून म्हणजे मी. मी कमी बोलते, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं मी फार विचार करते.

भर दुपारी बाळासाठी झबलं घेऊन आले, तर स्कूटरच्या पडद्यावर लाल थर्मामीटर लुकलुकत होता. एप्रिलातलं सोलापूर, दुसरं काय होणार? नवरा कुर्डुवाडीला कामावर जाताना रोज बजावतो, "बॅटरी तापू देऊ नको. तापली की चार्जिंग घेत नाही." आणि चार्जिंग तर संपतच आलेलं.

आता इथं माझं डोकं चाललं. आमच्या लग्नात बर्फाची लादी आली होती ती जाड चादरीत गुंडाळून. पंगती उठेपर्यंत टिकली होती! मग काय? सोलापुरात लग्न झालेल्या बाईच्या कपाटात चादरींना तोटा असतो का? आहेरातल्या दोन चांगल्या जाड काढल्या, स्कूटर गुंडाळली, कडा खालून नीट खोचल्या आणि चार्जर लावून टाकला.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "तिला थंडी वाजतीय का गं?"

"नाही आई. थंड राहावी म्हणून."

"चादरीनं?"

"बर्फ नाही का ठेवत?"

त्या दोन पावलं मागं सरकल्या. मी तो आदर समजले.

एवढ्यात शेजारच्या काकू कुंपणावरून वाकल्या. "अवो, हे काय चाललंय?"

"आमची सून शाळेत विज्ञान शिकवती," सासूबाई म्हणाल्या. "असंल की कायतरी त्यात."

काकूंनी लगेच आपल्या मुलाची इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावली आणि गुंडाळली. त्यांनी तर आरशांनाही टॉवेल बांधले.

निघायची वेळ झाली. सासूबाई इरकल नेसून, गजरा माळून तयार. मी चादर ओढली, तर आतून तव्यावरची धग आली. लाल थर्मामीटर जागच्या जागी. चार्जिंगही जागच्या जागी.

"काकूंची गाडी मागते," मी म्हटलं.

काकूंच्या गाडीवरही लाल थर्मामीटर. सकाळी ती गाडी चांगली धावत होती हो!

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. चादर बर्फाला थंड करत नाही, बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, एवढंच. मग आतली तरी बाहेर कशी सोडेल? नुसती सावलीत उघडी ठेवली असती, तर गाडी आपोआप निवली असती. हा धडा मी सातवीला शिकवलाय. चित्र काढून!

मामांचा फोन. "अक्का, कुठं हायस? पोरगी रडायला लागली."

"आलेच की," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं न बघता रिक्षाला हात केला.

पोचलो तोवर बाळ रडून रडून झोपलं होतं. सासूबाईंनी झोपलेल्या कानातच नाव सांगितलं. नाव सांगताना आत्याच्या पाठीत घालायचे बुक्के मात्र बायकांनी माझ्याच पाठीत घातले. एकीनं विचारलंच, "ही नवी सून व्हय? काय करती?"

"विज्ञान शिकवती," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "पोरांना."

निघताना मामींनी नव्या सुनेची ओटी भरली आणि आहेर हातात ठेवला. चादर. चांगली जाड.

सासूबाईंनी ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली.

"ही माझ्याकडं राहू दे," त्या म्हणाल्या. "काकूंची गाडी अजून निवली न्हाय."