तुळई तिरपी पडली म्हणून

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या रक्तातल्या साखरेचे आकडेसुद्धा पाठ आहेत.

लातूरच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवायचो. देव न मानणारा म्हणून ओळखला जायचो; थोडं मिरवायचोही. म्हणूनच निलंग्याकडच्या एका गावात जमिनीतून आवाज येऊ लागले, तेव्हा लोकांची समजूत घालायला तालुक्याच्या साहेबांनी मला नेलं. आधी नारळ फुटला, मग अंधश्रद्धेवर व्याख्यान. 'भूगर्भाचे गाढे अभ्यासक' अशी माझी ओळख करून दिली. मी दुरुस्त केली नाही. लबाडी तिथून सुरू झाली का? नाही — ती फार आधीची.

त्या गावात तात्या होते. मोठ्या भूकंपात त्यांची बायको आणि लेक गेली. हे एकटेच ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. तेव्हापासून जमीन गुरगुरली की तात्या मारुतीच्या देवळाकडे धावत, घंटा बडवत, आणि सगळं गाव मोकळ्या रानात येई. देवानं आपल्याला याचसाठी मागं ठेवलं, असं ते मानत. साहेबांना ती घंटा नको होती. घबराट पसरते म्हणे.

व्याख्यान संपल्यावर तात्या उठले. "मंग सर, मलाच कशापायी ठिवलं त्यानं?"

माहीत नाही, म्हणायला काय लागत होतं? पण समोर माइक होता, अंगावर शाल होती. म्हणालो, "कुणी ठेवलं नाही, तात्या. तुळई तिरपी पडली म्हणून वाचलात. घंटेसाठी तुम्हाला ठेवलं, तर बायको-लेकीचं त्याच्याकडे काही काम नव्हतं का?"

साहेब हसले. गाव हसलं नाही.

ती शांतता मला सोसेना, म्हणून आणखी बोललो — "आवाजांना भिऊ नका. काही होणार नाही. खुशाल घरात राहा." हे कुठल्या शास्त्रात आहे? कुठल्याच नाही. जमीन पुढं काय करील ते कुणालाच सांगता येत नाही, हे मीच पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

तात्यांनी त्याच संध्याकाळी घंटा उतरवली. नंतर ते पारावर यायचेही बंद झाले, असं कळलं.

आणि आता ते, ज्यासाठी एवढे वळसे घेतोय. भूकंपाच्या वेळी मी त्यांच्या शेजारच्याच गावी भाड्याच्या खोलीत राहायचो. आदल्या संध्याकाळी लातूरला माझी एसटी चुकली. सकाळी पोचलो, तर खोलीच्या जागी मातीचा ढीग. एसटी चुकली — कारण तेवढंच. पण तेव्हापासून रोज, दाढी करताना, मला वाटतं की मला कशासाठी तरी ठेवलंय. कुणी, ते विचारत नाही. देव म्हणत नाही, इतकंच. स्वतःपुरतं मी ते जपून ठेवलं. तात्यांचं मात्र चारचौघांत हिसकावून घेतलं.

परवा दुपारी लातूरलाही जाणवलं. मांडणीवरची भांडी वाजली. मी तात्यांना फोन लावला, तिकडे आवाज आला का विचारलं.

"आला की. लई मोठा आवाज. दोनदा."

"मग?"

"मंग काय? घरातच बसून राहिलो. समदं गाव घरातच हाय. तुम्हीच म्हणलाव की, सर."

आता तरी बोलायचं होतं — बाहेर पडा, घंटा बांधा, मला काही कळत नाही.

"बरं केलंत," मी म्हणालो.

तेव्हा मी अंगणात उभा होतो, अनवाणी. बायकोलाही हाताला धरून बाहेर आणलं होतं.