डिपोटीसाहेबांभोवती फिरलेली पृथ्वी

आमच्या घरची पृथ्वी परसातल्या वेलावर पिकली होती. लाल भोपळाच तो, पण चांगला पोसलेला आणि वरून-खालून किंचित चपटा. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असते असं पुस्तकात वाचलेलं असल्यामुळं त्याच्याकडं बघून मला भरून यायचं.

निपाणीपासून दोन-तीन कोसांवरच्या एका खेड्यात मी तेव्हा प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. लढाईचे दिवस. शाळेत पृथ्वीचा गोल नव्हता. नकाशा होता, पण तो उंदरांनी (मुंबई इलाखा तेवढा वगळून) खाल्लेला. अशात निरोप आला की शाळा तपासणारे डिपोटीसाहेब सोमवारी येणार आणि माझे दोन पाठ बघणार. एक अपूर्णांकांचा, एक ऋतूंचा. पसंत पडले तर बेळगावला बदली!

आमची ही बेळगावची, खडेबाजारात लहानाची मोठी झालेली. आमच्या गावात तंबाखूचा हंगाम सुरू झाला की तिला शिंका लागत, त्या थेट पुढच्या हंगामाला जाऊन मिळत. निरोप ऐकला मात्र, तिनं माळ्यावरची ट्रंक खाली काढली. बदली नाही झाली तर ट्रंक घेऊन आपण एकटीच जाणार, एवढंच तिनं सांगितलं आणि ती शिंकली. म्हणजे सत्यच.

मुलांची तयारी तशी वाईट नव्हती. पावकी, निमकी, पाउणकी ती झोपेतही म्हणत. फक्त पाव म्हणजे काय, हे विचारायचं नाही. ऋतू किती, असं विचारलं तर एकमुखानं सांगत, ‘तीन. लावण, खुडणी आणि वखार.’ तेव्हा प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवायचं मी ठरवलं. आधी भोपळ्याची पृथ्वी करून ती सूर्याभोवती फिरवायची, ऋतू संपले की तीच पृथ्वी कापून पाव, अर्धा, पाऊण. एका भोपळ्यात दोन विषय! ट्रेनिंग कॉलेजातही हे कुणाला सुचलं नव्हतं. (तिथली माणसं शहाणी होती.)

रविवारी सोप्यात तयारीला बसलो. पृथ्वीचा आस म्हणून भोपळ्यातून पोती शिवायचा दाभण आरपार घातला. विषुववृत्त काढायला गेलो, तर गुळगुळीत सालीवर खडू उमटेना. माझी थोरली बहीण आक्का आमच्याकडंच राहायची. तिनं न बोलता तेलात कालवलेलं कुंकू आणून दिलं. सूर्य म्हणून कंदील ठेवावा, तर रॉकेल मिळायची मारामार. आक्कानं कणकेचा दिवा करून दिला. चंद्रासाठी काही गोल मिळेल का म्हटलं, तर तिनं लिंबू दिलं आणि ते टोचायला सुईही दिली. बहिणीला विद्येची इतकी ओढ असेल असं मला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात ही बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली.

“अहो, हे काय दिसतंय ते एकदा लांबून बघा तरी.”

“पृथ्वी.”

“मला वेगळंच दिसतंय.”

भूगोल हा ज्याच्या-त्याच्या नजरेचा प्रश्न नव्हे, असं मी तिला सुनावलं. ती आत जाऊन ट्रंकेत लुगडी भरू लागली.

तिला जे दिसलं तेच आक्कालाही दिसलं होतं. उतारा! आमच्याकडं कुणाला बाधा झाली की भोपळा, लिंबू, असलं काहीबाही त्याच्यावरून उतरून टाकतात. साहेबलोक कामानं वळत नाहीत, त्यांना उताराच लागतो, असं आक्का मला कित्येक वर्षं सांगत आली होती. भावाला अखेर अक्कल आली, म्हणून बिचारी हरखली होती. सोमवारी सकाळी मी आंघोळीला गेलो तेवढ्यात तिनं पृथ्वीला काळा दोरा बांधला आणि उत्तर ध्रुवावर एक बिब्बा खोचला. मी तो बघितला. उत्तर ध्रुव दाखवायला बरी खूण झाली, असं मला वाटलं!

मग आक्का पाण्याला गेली आणि विहिरीवर चौघींना ‘कुणाला सांगू नगा’ म्हणून सगळं सांगून आली. शाळेची घंटा झाली तेव्हा मास्तर आज साहेबांवर उतारा टाकणार, हे गावात फक्त दोघांना माहीत नव्हतं. एक साहेब, दुसरा मास्तर.

साहेब निपाणीहून छकड्यातून आले. त्यांची पाठ धरली होती. ते हप्त्याहप्त्यानं खाली उतरले आणि काटकोनात चालत वर्गात आले. मी खिडक्या लावल्या, टेबलावर दिवा पेटवला. अंधारात साहेबांना नीट दिसेना, म्हणून त्यांनी खुर्ची टेबलाला भिडवली. आता सूर्याभोवती फिरायचं तर पृथ्वीला साहेबांना घेऊनच फिरावं लागणार होतं. खगोलशास्त्राला हे मंजूर नाही, पण सूर्याला बाजूला सरक म्हणता येतं, साहेबांना येत नाही.

वर्गातल्या सगळ्यात हुशार पोराला, परशाला, मी पृथ्वी उचलायला सांगितली. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

“नगं, गुर्जी. आई म्हणली, हात लावू नगंस.”

शेवटी मीच उचलली. आस कलता धरायचा म्हणून स्वतःही कललो आणि साहेबांभोवती सावकाश फिरू लागलो. ‘आता उन्हाळा... आता पावसाळा...’ असं घोगऱ्या आवाजात पुटपुटतही होतो. (गळा बसला होता.) वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. इतकी शांतता माझ्या वर्गात कधीच झाली नव्हती. हा आपल्या शिकवण्याचा परिणाम, असं समजून मी आणखी कललो.

साहेबांबरोबर आलेल्या पट्टेवाल्याची नजर मात्र दारातून उत्तर ध्रुवावर खिळली होती. तो लगबगीनं आला आणि साहेबांच्या कानाशी लागला. साहेब बी. एस्सी. होते, म्हणजे शास्त्र शिकलेले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“मास्तर, हे काय चाललंय?”

“एक फेरा झाला, साहेब. आता कापतो,” असं म्हणून मी कोयता उचलला.

साहेब ताडकन उठले. खुर्ची मागं पडली आणि ‘कट्ट’ असा आवाज झाला. मला वाटलं, खुर्चीचा पाय गेला. ती साहेबांची पाठ होती. ते सरळ उभे होते! त्यांनी कमरेवर हात ठेवून बघितला, वाकून बघितलं, पुन्हा सरळ झाले. माझ्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते, त्यामुळं मी पृथ्वीचे चार भाग केले आणि परशापुढं पाव भोपळा धरून विचारलं, उरला किती? परशानं खिडकी उघडली आणि बाहेर उडी टाकली. त्याच्यामागं वर्ग गेला. अपूर्णांक शिकवायला बसलो होतो, पूर्णांकसुद्धा उरला नाही. साहेब छकड्यात जाऊन बसले. ताठ.

घरी येऊन सांगितलं, तर ही उरलेली लुगडीही ट्रंकेत भरू लागली; बदलीचा निकाल कळेपर्यंत तेवढी थांबणार होती. आक्का मात्र खुशीत होती.

“दम धर की रं जरा. लागू पडाया आठ-धा दिस लागत्यातच.”

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. मी तिला अर्धा तास विज्ञानावर व्याख्यान दिलं. ती ‘व्हय, व्हय’ म्हणत पावटे सोलत राहिली.

आठवडाभरानं पट्टेवाला आला. बेळगावला बदली! शिवाय तोंडी निरोप, हळू आवाजात. “सायबांच्या सासूबाईंचा गुडघा लई धरलाय. येताना भोपळा घिऊन या म्हणलंय.”

पाठ आपोआप सुटली, आमच्या पाठाशी तिचा काही संबंध नाही, असं मी त्याला समजावून सांगणार, तेवढ्यात ही दाराआडून म्हणाली, “आणतील म्हणावं. दोन आणतील.”

मी दोन नेले. विज्ञानावर माझी निष्ठा होती, पण हिची ट्रंक भरून झाली होती.

आता बेळगावात येऊन बरीच वर्षं झाली. हिच्या शिंका थांबल्या. ‘ऋतू हा विषय प्रयोगासह उत्तम शिकवतात’ असा साहेबांनी शेरा मारल्यामुळं नवे मास्तर माझ्याकडं पद्धत विचारायला येतात. मी त्यांना सांगतो, भोपळा कसलाही चालतो, साहेब तेवढा पाठदुखीचा बघून घ्या.